चष्मेवाल्यांचे टायर

"मग, ठरले का टायर?" बायकोने विचारले तेव्हा चष्मेवाले दाढी करत होते. त्यांनी दोन्ही गालांना नव्याने फेस फासला आणि तोंड उघडायची सोयच ठेवली नाही.

"समजलं. मी उद्या सकाळच्या बसने ताईकडे जाते. तुम्ही टायर ठरले की या. ताईची नात आता बालवाडीत आहे, तिच्या लग्नापर्यंत पोचालच."

गेल्या पावसाळ्यात चौकात ब्रेक लावताना मोटरसायकल घसरली होती आणि बायको भाजीच्या पिशवीसकट डबक्यात बसली होती. लागले काही नाही, पण तिथेच बसून तिने जाहीर केले, "टायर बदलल्याशिवाय मी या गाडीवर मागे बसणार नाही." तेव्हापासून मागची सीट रिकामी होती. एकटा माणूस असला की गाडी हलकी चालते म्हणतात. चष्मेवाल्यांना मात्र ती ओढवत नव्हती. लग्नानंतर दोघे या गाडीच्या थोरल्या बहिणीवरून, म्हणजे आधीच्या मोटरसायकलवरून, घाटातून ताईकडे जायचे, आणि बायको सगळ्या वाटभर त्यांच्या कानात गात असायची. ते गाणे त्यांना परत हवे होते.

आता टायर घ्यायला काय लागते? पण दिवसभर गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून "आता बरं दिसतं, की आता?" असे विचारत फटाफट नंबर काढणारे चष्मेवाले स्वतःच्या बाबतीत पार गडबडून गेले होते. लांबच्या प्रवासाला आणि वळणांनाही चालतील असे टायर त्यांना हवे होते. त्यातला एक म्हणे खूप वर्षे झिजत नाही, दुसरा वळणावर घट्ट धरतो आणि तिसरा ओल्या रस्त्यावर भरवशाचा. रात्री एक पक्का व्हायचा, सकाळी चहाबरोबर तो विरघळायचा. दुकानातही तेच. "मधे कडक रबर, कडेला मऊ, म्हणजे वळताना धरतं," असे ते भिंग बदलता बदलता एका आजींना समजावत होते. आजी म्हणाल्या, "बाळा, मला पेपर वाचायचाय, वळायचं नाहीये."

बसचे नाव निघाल्यावर मात्र चष्मेवाल्यांनी दुकान लवकर बंद केले आणि थेट टायरवाल्याकडे गाडी नेली. टायरवाला तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. त्याने जुन्या टायरवरून बोटे फिरवली.

"साहेब, मधे टक्कल पडलंय आणि कडेचे केस अजून शाबूत! तुम्ही गाडी वळवता का कधी?"

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते चष्मेवाल्यांच्या टायरच्या कडांना अजून तसेच होते. "घर ते दुकान रस्ता सरळ आहे," ते ओशाळून म्हणाले.

मग तिन्ही टायर खाली आले. चष्मेवाल्यांनी ते दाबले, उचलले, वास घेतला, उन्हात नेऊन पाहिले. "हा... पण तो..."

"अहो, माणूस बायको ठरवायलाही इतका वेळ घेत नाही!"

"ते तिनेच ठरवलं होतं."

टायरवाल्याने कपाळाला हात लावला. "मागे कोण बसणार?"

"तीच."

"पडली कधी?"

"पावसात."

"मग पावसात धरणारा घ्या. झालं!"

इतके सोपे होते. चष्मेवाले शीळ घालत घरी आले आणि फाटकात गाडी उभी करून कौतुकाची वाट पाहू लागले. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढच्या चाकापाशी वाकली.

"अहो, हा बाण कसला?"

"टायर कुठल्या दिशेला फिरायला हवा, ते दाखवतो तो."

"मग आपण ताईकडे मागे मागे जायचंय का?"

चष्मेवाल्यांनी पाहिले. बाण खरेच उलटा होता.

"डोळे तपासून घ्या एकदा," बायको म्हणाली. "ओळखीचं दुकान आहे."

चष्मेवाले परत पोचले तेव्हा टायरवाला शटर ओढत होता. "उलटा? माझ्या हातून? केस पांढरे झाले या धंद्यात!" असे म्हणत तो बाण पाहायला वाकला. मग जरा मागे सरला. आणखी मागे. शेवटी पाठ टायरच्या चळतीला टेकली तेव्हा हळूच म्हणाला, "तो बाण आहे? मला ओरखडा वाटला."

त्या क्षणी चष्मेवाल्यांमधला चष्मेवाला जागा झाला. टायरच्या अंगावर मोठी अक्षरे होती, खाली मध्यम, त्याखाली बारीक. त्यांच्या दुकानातल्या डोळे तपासायच्या पाटीसारखीच. "वरची ओळ वाचा."

टायरवाल्याने वाचली.

"त्याखालची?"

ती अडखळत वाचली.

"आणि शेवटची?"

"तिथे काही लिहिलेलंच नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

टायरवाल्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हाताला कळतं हो सगळं. चष्मा लावला की लोक म्हणणार, म्हातारा झाला, याच्याकडे गाडी नको."

"तुम्ही चाक काढा. मी आलोच."

चष्मेवाले भिंगांची पेटी आणि फ्रेमचा ट्रे घेऊन परत आले. नंबर चुटकीसरशी निघाला. टायरवाल्याने आधी बाण पाहिला, मग शेवटची ओळ वाचली आणि मग चहूकडे पाहून म्हणाला, "ही भिंत इतकी घाण आहे?"

प्रश्न उरला फ्रेमचा. टायरवाला मोटरसायकलच्याच आरशात पाहू लागला. "हा बरा की तो? याच्यात नाक मोठं दिसतं. पण त्याच्यात मास्तर दिसतो." पुढचे चाक जमिनीवर तसेच पडून होते.

"माणूस बायको ठरवायलाही..." चष्मेवाल्यांनी सुरुवात केली, तेवढ्यात त्यांना स्वतःचे टायर आठवले. त्यांनी आणखी एक फ्रेम पुढे केली.

फोन उचलला जात नाही म्हणून बायको शोधत आली. समोर चाक नसलेली गाडी, आणि एका एवढ्याशा आरशात डोकी घातलेले दोन बाप्ये.

"काय चाललंय?"

"ठरत नाहीये," दोघे एकदम म्हणाले.

तिने ट्रेमधली काळी फ्रेम उचलून टायरवाल्याच्या नाकावर ठेवली. "हा. भिंगं नंतर बसतील. आता तुम्ही टायर फिरवा आणि अहो, तुम्ही त्यांना बाण दाखवा."

दोघे निमूट कामाला लागले. चाक बसल्यावर चष्मेवाल्यांनी भीत भीत विचारले, "आणि तुझी बस?"

"तिकीट काढलंच नाही. डावीकडची खिडकी घ्यावी की उजवीकडची, ठरेचना," ती आरशात केस सारखे करत म्हणाली.

चष्मेवाले तिच्याकडे बघत राहिले. लग्नापासून आजवर या बाईला कुठलीही गोष्ट ठरवायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागलेला नव्हता. मग ते उगाच टायरवाल्याचे पाने आवरू लागले.

सकाळी ती मागे बसली. नवे टायर आहेत म्हणून सुरुवातीला त्यांनी गाडी जपून चालवली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर कानाशी गुणगुण सुरू झाली आणि पाचव्यावर चक्क गाणे. सूर अजूनही लागत नव्हता.

ताईच्या दारात उतरल्याबरोबर चष्मेवाले वाकले. टायरच्या कडांचे केस गेले होते. डावीकडचेही, उजवीकडचेही.

"परत कसं जायचं?" बायकोने विचारले. "घाटातून की सरळ रस्त्याने?"

"घाटातून," चष्मेवाले लगेच म्हणाले.

बायकोने दचकून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.