सबनीस अण्णांचं झोपलेलं कापड

सबनीस अण्णांनी मला फसवलं. दिवसाढवळ्या, माझ्याच दारात उभं राहून, अगदी नम्रपणे फसवलं.

मी फूटपाथवर गाऊन विकून वर आलेली बाई आहे. आज घाटकोपरला माझं बाळांच्या कपड्यांचं दुकान आहे आणि मी गोडाऊनमध्ये शिरले की होलसेलवाले आधी पाणी मागवतात. माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला हा निवृत्त माणूस, ज्याला भाजीवालीकडे कोथिंबिरीची काडी वर मागता येत नाही, त्यानं मला गुंडाळलं. लोकांना हे सांगितलं तर हसतील. हसू देत. पण आधी ऐका.

अण्णा कापड गालानं बघतात. आपण बोटांत धरून चुरगाळून बघतो ना, तसं नाही. गच्चीवर कुणाची चादर वाळत असली की अण्णा तिच्यापाशी जातात, तिचं टोक उचलून गालाला लावतात आणि डोळे मिटून उभे राहतात. वारा असतो, चादरी हलत असतात आणि मधे हा उंच, वाळका माणूस बासरी ऐकत असल्यासारखा उभा. बऱ्याच वेळानं डोळे उघडतात आणि निकाल देतात.

"अजून जागं आहे."

किंवा क्वचित, अगदी हळू आवाजात, "हं. झोपलं हे."

अण्णांचं म्हणणं असं की नवीन कापड शाळेतून आलेल्या पोरासारखं असतं. नुसतं कडकड बोलत असतं. वर्षानुवर्षं धुऊन, उन्हं खाऊन, अंगावर वावरून ते हळूहळू पेंगायला लागतं. शेवटी एके दिवशी झोपतं. असं झोपलेलं कापडच तान्ह्या बाळाला घालायचं. "जागं कापड बाळाला झोपू देत नाही, शोभाताई. रात्रभर गप्पा मारतं."

असं कापड मिळवायचं कुठून? तर बोहारणीकडून. आमच्याकडे शेवंता नावाची बोहारीण येते. सगळ्या बायका तिला जुने कपडे देतात आणि भांडी घेतात. अण्णा तिला भांडी देतात आणि जुने कपडे घेतात! पहिल्यांदा शेवंताला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग तिनं सवय करून घेतली. अण्णांच्या घरातून एकेक करत परात गेली, डबे गेले, इडलीपात्र गेलं. हल्ली ते फोडणीच्या पळीत चहा उकळतात. पाहुणा आला तर कप पाहुण्याला, अण्णांना वाटी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे विचारणारं कुणी नाही.

खिडकीपाशी बसून अण्णा ती जुनी धोतरं, लुगडी फाडतात आणि हातानं शिवून त्रिकोणी लंगोट करतात. सोसायटीत कुठे बाळ आलं की दारात हजर. गठ्ठा देतात आणि निघतात. आत या म्हटलं तर म्हणतात, "नको, हात स्वच्छ नाहीत." हात तर ओले असतात, नुकतेच धुतलेले! कुणाचं बाळ त्यांनी कधी घेतलेलं मी पाहिलं नाही.

माझी मुलगी प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा लंगोटांचा प्रश्न मी सोडवूनच ठेवला होता. माझ्याच दुकानातले कापडी डायपर. टिचबटणं, आत सरकवायची गादी, वर हत्ती-जिराफांची चित्रं. आजही सांगते, माल उत्तम आहे. बाहेर जाताना त्याला तोड नाही. पण आमच्या नातीचं अंग पडलं नाजूक. मांड्या लालभडक झाल्या. झोपायची नाही, झोपू द्यायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जमेल तितकं उघडं ठेवा, नाहीतर मऊ सुती कापड वापरा. मी दुकानातली उत्तम मलमल आणली. धुतली. तरी पोरगी रडतेच आहे.

प्राजू वैतागून म्हणाली, "आई, अण्णांना विचार ना गं."

"माझं स्वतःचं दुकान असताना मी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

जावं लागलं नाही. रडणं समोरच्या विंगपर्यंत पोचत असणार. दोनच दिवसांत दुपारी अण्णा दारात उभे. हातात गठ्ठा. फिकट जांभळं कापड, त्यावर होती की नव्हती अशी पुसट फुलं. मी हात लावला आणि खरं सांगते, बोटांना काही लागलंच नाही. कापड होतं की दुधावरची वाफ, कळेना.

पण तोंडावर तसं दाखवून सौदा होत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. काय घ्याल?"

"काही नको हो."

"फुकट मी सख्ख्या भावाचंसुद्धा घेत नाही. बोला."

अण्णा विचारात पडले. "मग... एखादी कढई द्या."

"कढई? या चिंध्यांना? दोन वाट्या देते."

"चालेल."

"चालेल काय, अण्णा! जरा ताणा ना! समोरच्यानं ताणलं नाही तर मजा काय?"

"बरं. मग एक झारा तरी."

"झारा नाही. दोनच वाट्या. आणि वर दुपटी पण शिवून द्यायची."

"देतो," अण्णा म्हणाले. आणि हसले. तिथंच मला संशय यायला हवा होता. पडत्या भावात माल देताना हसणारा माणूस मी उभ्या जन्मात बघितला नाही. पण मी जिंकण्याच्या नादात होते.

त्या लंगोटांत पोरगी झोपली. काय झोपली! घरच झोपलं तिच्याबरोबर. दुपारी पंखा हळू फिरायचा, घरभर दुधाचा आणि धुरीचा वास, आणि बाल्कनीत दोऱ्यांवर ते जांभळे त्रिकोण हलत असायचे, जणू कुठून तरी लांबून आलेले पक्षी घटकाभर टेकलेत. मी दुकानात जायची ती उशिरा जायला लागले. बाल्कनीच्या दाराशी बसून नुसती बघत राहायची. फोन आला तर व्यापाऱ्यांना कुजबुजत शिव्या द्यायची. ते जास्त घाबरले. मांड्यांवरची लाली गेली, पोरगी झोपेत हसायला लागली. माझं कुणाशी तरी भांडायचं राहून गेलंय असं मला वाटायचं, पण कुणाशी ते आठवायचं नाही.

काल शेवंता आली. मी जुने पडदे तिच्यापुढे टाकले आणि भल्या मोठ्या पातेल्यावर अडून बसले. ती ऐकतच नव्हती. बाल्कनीकडे बघत होती.

"ताई, ही तर सबनीस वहिनींची पातळं!"

"कसली पातळं? ते कापड तुझ्याकडनंच घेतलंय ना त्यांनी?"

"छ्या! माझ्याकडं कुठनं असला माल? वहिनी गेल्यापासनं मागतेय मी ही पातळं. लय जपून ठेवलेली. मी नुसतं नाव काढलं तरी दार लावून घ्यायचे. फाडली व्हय शेवटी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातेलं तिथंच टाकलं, चपला घातल्या आणि समोरच्या विंगमध्ये गेले. अण्णांनी दार उघडलं. मी आत शिरले, विचारलंसुद्धा नाही.

"अण्णा, ही फसवणूक आहे! बायकोच्या साड्या फाडल्यात, आणि मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही घेतल्या असत्या?"

"मुळीच नाही!"

"मग?" अण्णा म्हणाले.

मी इकडेतिकडे बघितलं. खोलीत एकच खुर्ची, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. खिडकीतून सरळ माझी बाल्कनी दिसत होती. दोऱ्या, चिमटे आणि वाऱ्यावर हलणारी ती फुलं.

"कपाटात घडीवर विरायला लागल्या होत्या," अण्णा म्हणाले. "आता कशा हलतात बघा. तिच्या अंगावर असताना हलायच्या तशा."

मी खिडकीशी जाऊन बघितलं.

"आमचं मूल जगलं नाही, शोभाताई. दोनदा दुपटी शिवून ठेवली होती तिनं. दोन्ही वेळा बोहारणीला देऊन टाकली. मी ऑफिसात असताना. दुसऱ्या वेळी घरी आल्यावर कळलं तसा धावत खाली आलो, नाक्यापर्यंत गेलो. तोवर बोहारीण पुढच्या गल्लीत कुठे गेली कोण जाणे." एवढं बोलून ते चहा करायला उठले. पळी गॅसवर ठेवताना म्हणाले, "ब्लीच तेवढं घालू नका हो त्यांना."

मी ब्लीच घातलं होतं. एका लंगोटानं तर मिक्सर पुसला होता. मला काय माहीत! मी चिंध्यांचा सौदा केला होता, चिंध्यांसारखं वागवलं. माणसानं सांगितलं नाही तर समोरच्यानं ओळखायचं कसं?

उद्या प्राजू बोरिवलीला सासरी जाणार. लंगोट, दुपटी सगळं बाळाबरोबर जाणार. चारदोन मागे ठेवायला सांगू का, असं मी अण्णांना विचारलं. "छे, बाळाचं आहे ते," म्हणाले. म्हणजे परवापासून माझ्या दोऱ्या रिकाम्या आणि हा माणूस त्या खुर्चीत.

हे मला मान्य नाही. सौद्यात दोन्ही बाजूंना आपण काय देतोय ते ठाऊक असायला हवं, हा माझा धर्म आहे. आज संध्याकाळी मी नातीला घेऊन अण्णांकडे जाणार आहे. त्यांना त्या खुर्चीत बसवणार, तिला सरळ त्यांच्या मांडीवर ठेवणार आणि विचारणार, बोला अण्णा, एवढं मोठं नुकसान एकट्यानं सोसून मला खुशाल जिंकू का दिलंत? जाब द्या. आणि चोख उत्तर मिळेपर्यंत मी पोरीला उचलणार नाही.