ताउनोची आगाऊ ठिणगी

"यंदा कप आपल्याच घरी, सिल्वी! लिहून ठेव!" ताउनोने गॅरेजमधूनच आरोळी ठोकली.

सिल्वीने काही लिहून ठेवलं नाही. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ती हेच ऐकत होती. गोठलेल्या तळ्यावरच्या शर्यतीत ताउनोची स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, हमखास शेवटची यायची, आणि पल्याडच्या रेषेपाशी सिल्वी कुडकुडत त्याची वाट बघत उभी असायची. यंदा मात्र तिचा गुडघा रुसला होता. शिवाय थंडी सरली की दोघं लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. तिथे बर्फ फक्त सरबतात! म्हणजे ही शेवटची संधी. एकदा, फक्त एकदा, बायकोने आपल्याला पहिलं आलेलं बघावं, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं.

म्हणून त्याने इंजिनातलं पेट्रोल पेटवणारी ठिणगी आगाऊ केली. पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधीच ती पडू लागली. इंजिन सुसाट फिरत असलं, की अशी घाई अंगी लागते आणि जोर चढतो.

"अति झालं हं," शेजारचा ओर्वो दारातून म्हणाला. "इंजिन हळू झालं, तर पिस्टनला अर्ध्या वाटेतच दणका बसेल. आल्या पावली परत जाईल तो!"

"हळू जाऊन शर्यत कोण जिंकलंय, शहाण्या?"



शर्यतीच्या दिवशी सिल्वी सुरुवातीच्या रेषेमागे खुर्चीत बसली. पायांवर घोंगडी, मांडीवर वेलदोड्याचा पाव, शेजारी बर्फात कॉफीचा थर्मास.

"कप घेऊनच येतो बघ!"

"हातपाय शाबूत घेऊन ये, म्हणजे मिळवलं!"

तेवढ्यात पाद्रीबाबांनी प्रार्थनेसाठी हात वर केला. त्या थंडीत इंजिन बंद करायची कोणाची छाती? सगळ्यांनी ते फक्त हळू केलं आणि माना खाली घातल्या. बाबा गावातल्या आजाऱ्यांची नावं घेऊ लागले.

"...आणि आमच्या सिल्वीच्या गुडघ्याला आराम पडो."

ताउनोला भरून आलं. त्याने इंजिन आणखी हळू केलं. ठक्क! एक उचकी लागली, आणि ते पुन्हा धडधडू लागलं.

"देवाची कृपा!" ताउनो पुटपुटला.

कृपा कसली! इंजिन उलटं फिरायला लागलं होतं!

झेंडा पडला. सगळे सुटले पुढे, ताउनो सुटला मागे!

"अरे अरे अरे! बाजूला व्हा!"

ओर्वोने बर्फाच्या ढिगात उडी मारली. पाद्रीबाबांची टोपी उडाली. ताउनोने ब्रेक आवळला, आणि गाडीचं बूड घसरत घसरत थेट सिल्वीच्या खुर्चीपाशी येऊन थांबलं.

ताउनोच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेला गं कप. शेवटची संधी होती, तीही गेली."

सिल्वीने हातमोज्याने त्याच्या मिशांवरचा बर्फ पुसला. "वेड्या, इतकी वर्षं तुझी वाट बघून माझे पाय गोठायचे. यंदा बसल्या जागी आलास. आणि बघ, माझ्यापाशी पहिला कोण पोचला?"

ताउनोने तळ्याकडे पाहिलं. बाकीचे पार पल्याड ठिपक्याएवढे दिसत होते. तो रडता रडता हसायला लागला.

"मग बक्षीस म्हणून कॉफी तरी दे."

"देते की," सिल्वी म्हणाली. "आधी थर्मासवरून गाडी काढ!"