सासूबाईंची मटिल्डा

सासूबाईंच्या खोलीची खिडकी मास्तरांनी लावली, पडदा सारखा केला आणि ते वळणार तोच पाठीमागे काहीतरी पडलं. आवाज फार मोठा नव्हता. पण काही आवाज असे असतात, की ते ऐकल्यावर माणूस लगेच मागे वळून बघत नाही. मास्तर खिडकीकडे तोंड करून तसेच उभे राहिले. मग हळूच मान वळवली. फळीवरची मटिल्डा फळीवर नव्हती.

मटिल्डा म्हणजे रणगाडा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी वाळवंटात लढवलेल्या रणगाड्याची प्लास्टिकची, वीतभर लांबीची हुबेहूब प्रतिकृती. सासूबाईंनी तीन महिने खपून ती जोडली आणि रंगवली होती. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. काम सोडल्यावर शेजारणींना वाटलं, आता बाई स्वेटर विणतील. बाईंनी रणगाडे करायला घेतले. येत्या रविवारी त्यांच्या मॉडेल क्लबची स्पर्धा होती आणि मटिल्डा तिकडे जायची होती.

मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल होती. मास्तर आणि त्यांची बायको दोन महिन्यांसाठी म्हणून सासूबाईंकडे राहायला आले, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत मास्तरांच्या हातून एक भिंतीवरचं घड्याळ, दोन नळ, एक आरसा आणि मोजता येणार नाहीत इतक्या कपबश्या गेल्या होत्या. सासूबाई कधी ओरडल्या नाहीत. प्रत्येक वेळी फक्त "असू दे" म्हणाल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. एकच नियम त्यांनी घालून दिला होता : माझ्या खोलीत यायचं नाही.

त्या सकाळीच सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या, शनिवारी परत यायच्या होत्या. अकराच्या सुमारास बायकोचा औषधांच्या दुकानातून फोन आला. "अहो, वारा सुटलाय. आईच्या खोलीची खिडकी लावा तेवढी. आणि कशाला हात लावू नका."

"मी हात लावलाच नाही," मास्तर आता रिकाम्या खोलीला सांगत होते. "पडदा लागला. पडद्याचं टोक लागलं फक्त."

खोलीला ते पटलेलं दिसलं नाही. मास्तर गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागले. एकवीस निघाले. तोफेची नळी मोडली होती, एका बाजूचं चिलखत उभं चिरलं होतं आणि वरची गोल फिरणारी टोपी, जिला सासूबाई टरेट म्हणत, ती पलंगाखाली पार भिंतीपर्यंत गेली होती.

आधी त्यांनी चिकटवून पाहिलं. सुपर ग्लूची ट्यूब दाबली, ती जरा जास्तच दाबली गेली, रंग विरघळला, आणि चिलखतावर मास्तरांच्या अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला, की कुठल्याही पोलिसाला पुढे तपास करायची गरज पडली नसती.

तासाभरात ते मॉडेलच्या दुकानात होते.

"मटिल्डा आहे?"

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "या आठवड्यात सगळ्यांना मटिल्डाच कशी काय हवी? शेवटची एक आहे." खोका काढता काढता तो थांबला. "तुम्ही कवळीवाल्या बाईंचे जावई ना?"

"छे. कोण बाई?"

दुकानदाराने दाराबाहेर पाहिलं. दारातच मास्तरांची गाडी उभी होती आणि तिच्या टपावर स्कूलचं नाव, फोन नंबर आणि हसणाऱ्या मास्तरांचा फोटो होता. दुकानदाराने खोका बांधून दिला आणि वर म्हणाला, "हात थरथरत असताना जोडू नका. बाकी सोपं आहे."

सोपं काहीच नव्हतं. स्कूलच्या मागच्या खोलीत, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली, मास्तरांनी खोका उघडला. आत प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना द्राक्षांसारखे भाग लटकलेले होते. काही भाग तर तांदळाच्या दाण्याएवढे. मास्तरांची बोटं चाकाचे नट आवळून आवळून केळ्याएवढी झालेली. मंगळवारची दुपार दोन चाकं जोडण्यात गेली. त्यातलं एक उलटं होतं, ते बुधवारी कळलं. बुधवारी एक दिवा चिमट्यातून उडाला. मास्तरांनी खोली झाडली, पुसली, खुर्च्या उलट्या केल्या. शेवटी तो दिवा त्यांच्याच मिशीत सापडला. शिकणाऱ्यांना ते फोनवर सांगत होते, "आज क्लास नाही. गाडीचं काम निघालंय." हे तसं खोटं नव्हतं.

संध्याकाळी बायकोने जवळ येऊन वास घेतला. "तुमच्या हातांना कसला वास येतोय?"

"क्लचचं काम होतं."

"क्लचला टर्पेंटाईनचा वास?"

"नवीन क्लच आहे," मास्तर म्हणाले आणि आंघोळीला गेले.

गुरुवारी मात्र क्लास टाळता येईना. पोस्टमास्तरीणबाईंची दुसऱ्या दिवशी लायसन्सची परीक्षा होती. आधीच्या तीन परीक्षांत त्या नापास झाल्या होत्या. ठरल्या वेळेला त्या स्कूलच्या दारातल्या गाडीत बसून हॉर्न वाजवू लागल्या. नेमक्या त्याच क्षणी मास्तरांनी टरेटच्या कडेला ग्लू लावून ती उजव्या अंगठ्याने दाबून धरली होती. हॉर्नने दचकून त्यांनी हात मागे घेतला. हाताबरोबर टरेटही मागे आली.

त्यांनी ओढून पाहिली. अंगठा आला असता, टरेट आली नसती.

पाच मिनिटांनी गाडी रस्त्यावर होती. पोस्टमास्तरीणबाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. शेजारी मास्तर उजवा हात रुमालाखाली घेऊन बसले होते.

"हाताला लागलं का?"

"समोर बघा. उजवीकडे घ्या."

"उजवीकडे? इथून?"

"इथून नाही, त्या गल्लीतून!" मास्तरांनी सवयीने हात पुढे केला. रुमाल गळून पडला आणि पोस्टमास्तरीणबाईंच्या नाकासमोरून एक छोटी तोफ गल्लीकडे वळली.

त्यांनी किंचाळून दोन्ही हात सोडले. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी एका भाजीच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. भाजीवाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग तोफेकडे, आणि कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून तो दोन पावलं मागे सरला.

मास्तरांनी मग सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता पोस्टमास्तरीणबाईंना आपल्या परीक्षेचा विसर पडला. त्यांनी पर्स उघडली. "माझ्याकडे नेलपॉलिश काढायचं आहे. आत्ता निघेल."

"नको! प्लास्टिक विरघळेल!" मास्तर ओरडले. हे वाक्य आपण म्हणालो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

शेवटी पोस्टमास्तरीणबाईंनी चहाच्या टपरीवरून गरम पाणी आणलं, साबण आणला आणि तिकिटं सोडवायच्या सवयीच्या बोटांनी अर्ध्या तासात टरेट सोडवली. थोडी कातडी तिच्याबरोबर गेली, पण टरेट शाबूत राहिली. शुक्रवारी त्या परीक्षेत पास झाल्या. परीक्षकाने गाडी अचानक थांबवायला लावली, तर म्हणे त्या जराही घाबरल्या नाहीत.

शुक्रवार रंगाचा होता. मटिल्डाच्या अंगावर वाळूच्या, राखाडी आणि निळसर रंगाचे सरळ, तिरपे पट्टे होते. मास्तरांनी जुने तुकडे समोर मांडले आणि रंग मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा पट्टे ओघळले. दुसऱ्यांदा पट्टे आले, पण वाकडे. मास्तरांनी सगळं पुसलं, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत बसले. त्या दुपारी तीन तास ते काही बोलले नाहीत, उठले नाहीत, त्यांच्या हातून काही पडलं नाही. पाच वाजता त्यांनी ब्रश ठेवला तेव्हा समोर मटिल्डा उभी होती.

शनिवारी दुपारी ती फळीवर गेली. चार वाजता सासूबाई आल्या.

मास्तर बॅग घ्यायला पुढे झाले. "द्या आई, मी नेतो."

"हात लावू नका!" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की मास्तर भिंतीला टेकले. सासूबाईंनी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. त्या सरळ आपल्या खोलीत गेल्या. दार लागलं. मग पुन्हा दार उघडलं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

"मी, खिडकी लावायला. मंगळवारी," मास्तर म्हणाले.

"फळीकडे पाहिलंत?"

"ओझरतं."

"कशी होती?"

"कोण?"

"मटिल्डा."

"होती की. चांगली होती," मास्तर म्हणाले. "आहे तशीच."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मास्तरांना वाटलं, आता अंगठ्याकडे बघतील. त्यांनी अंगठा मुठीत लपवला. पण सासूबाई "असू दे" सुद्धा म्हणाल्या नाहीत. आत गेल्या. जेवायला आल्या, दोन घास खाल्ले, उठल्या. "आईला बरं नाही वाटत," बायको म्हणाली. मास्तरांनाही जेवण गेलं नाही. सासूबाईंना सगळं कळलंय, एवढं त्यांना समजलं होतं. फक्त आता केव्हा बोलतात, एवढंच बाकी होतं.

रविवारी सकाळी त्यांना ते सहन होईना. दाढी अर्धी टाकून ते सासूबाईंच्या दारापाशी गेले, दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता आत शिरले. "आई, मला काहीतरी सांगायचंय."

सासूबाई टेबलापाशी बसल्या होत्या. डोळ्याला भिंग होतं. समोर दोन मटिल्डा शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"जावईबापू," सासूबाई भिंग न काढता म्हणाल्या, "आधी दार लावा."

मास्तरांनी दार लावलं.

"ही मी केली," त्यांनी डावीकडच्या मटिल्डावर बोट ठेवलं. "बहिणीकडे बसून. चार दिवस तिच्याशी धड बोललेही नाही मी. आता मला सांगा, ही दुसरी कोणी केली?"

"पण तुमची तर झालेली होती. फळीवर."

सासूबाईंनी भिंग काढलं. एवढ्या वर्षांत मास्तरांनी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. "ती सोमवारीच पडली. माझ्याच हातून. पुसत होते." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "अकरा वर्षं मी तुम्हाला कपबश्यांवरून 'असू दे' म्हणते. कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून तुकडे नुसते एकावर एक रचून ठेवले, दुकानातून दुसरी आणली आणि बहिणीकडे गेले. आल्यावर गुपचूप बदलणार होते. काल आले, तर फळीवर अख्खी मटिल्डा! मला वाटलं, माझं डोकं फिरलं. रात्रभर तेच वाटत होतं."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले. "म्हणजे मी जी पाडली…"

"ती आधीच पडलेली होती."

"आणि मी पाच दिवस…" त्यांनी मुठीतला अंगठा उघडून दाखवला.

सासूबाईंनी अंगठा पाहिला. मग मास्तरांची मटिल्डा उचलली आणि पुन्हा भिंग लावलं. "हे तुम्ही केलंत? या हातांनी?"

दार उघडून बायको आत आली. "आई, चल ना, उशीर… दोन? दोन कशा?"

"एक माझी," सासूबाई म्हणाल्या. "एक तुझ्या नवऱ्याची."

बायको मनापासून हसली. बराच वेळ हसली. मग आपल्याबरोबर कोणीच हसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

सासूबाईंनी दोन्ही मटिल्डा स्पर्धेला नेल्या. मास्तरांची त्यांनी स्वतःच्या हाताने नवशिक्यांच्या टेबलावर ठेवली. परीक्षक सासूबाईंच्या मटिल्डापाशी आले, वाकले, आणि म्हणाले, "बाई, नेहमीचं काम नाही हे. घाई झालेली दिसतेय." नवशिक्यांच्या टेबलावर ते जरा जास्त वेळ थांबले. दुपारी निकाल लागला. सासूबाईंचं नाव यादीत नव्हतं. मास्तरांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र होतं आणि खाली शेरा होता : 'रंगकाम उल्लेखनीय.'

घरी परतताना बायको गाडीत मागे बसून प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा वाचत होती. मास्तरांना वाटत होतं, हे मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर सासूबाई खोलीत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. मास्तर दाराच्या बाहेरच थांबले.

"आत या," सासूबाई म्हणाल्या. टेबल रिकामं होतं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. रंगाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांनी जरा घसा साफ केला. "ते पट्टे. एवढे सरळ कसे मारलेत? जरा दाखवता का?"

मास्तरांनी बाटल्यांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

"दाखवतो, आई," ते म्हणाले. "पण आधी हात धुऊन या. आणि येताना टेबलाला धक्का लावू नका."