होडीला बसवलेली हिरडी

मी कुणाच्या घरात डोकावत नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डोकावते. ती नेमकी शेजारच्या शेडसमोर आहे, आणि भांडी घासताना माणूस डोळे मिटून तर घासणार नाही.

त्या शेडमध्ये शेजारचे भाऊ कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, भाऊ गुलाबी पूड आणि एक उग्र वासाचं पाणी वाटीत कालवून हिरड्या करतात आणि त्यात एकेक दात बसवतात. गल्ली त्यांना कवळीवाले म्हणते. (पाठीमागे म्हणते असं वाटेल. नाही, तोंडावरच म्हणते.) गेल्या वर्षापासून त्याच शेडच्या अर्ध्या भागात ते एक लाकडी होडी बनवत होते. लांबट, अरुंद, एकाच माणसाची, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. तिला कायाक म्हणतात असं त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी "हो, ठाऊक आहे" म्हणाले. ठाऊक नव्हतं.

होडी वहिनींसाठी होती. त्यांचं लहानपण पाण्याकाठी गेलेलं. पण डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तो हात धड वर जाईना, आणि त्याबरोबर त्यांचं हसणंही कुठेतरी गेलं. भाऊंना स्वतःला पोहता येत नाही. डबकं दिसलं तरी ते लांबून जातात. अशा माणसानं बायकोसाठी होडी करायला घेतली. तुम्ही माझ्यासाठी कधी एक फळी तरी ठोकलीत का, असं मी आमच्या ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू पाण्यात गेलीस तर खिडकीत कोण उभं राहणार?"

होडी तळ्यात उतरली त्या दिवशी मी अर्थातच हजर. वहिनी उजव्या हातानं जोरात आणि डाव्या हातानं जपून वल्हं मारत निघाल्या. होडी सरळ जाईल तर शपथ. ती डावीकडे कलत कलत मोठी गोल फेरी मारून परत काठाला आली. काठावर भाऊ घडीच्या स्टुलावर उन्हाची छत्री दोन्ही हातांनी आवळून बसले होते, बरोबर त्यांच्यासमोर. पुन्हा निघाली, पुन्हा तिथेच. वर्षभराची मेहनत, आणि होडीची चाल ही अशी.

भाऊंनाही ते लागलं. यावर उपाय असतो म्हणाले. बुडाला, अगदी मागे, माशाच्या परासारखी एक लाकडी पट्टी बसवायची. तिला स्केग म्हणतात. ती लावली की होडी सरळ जाते आणि खांद्याला कमी त्रास होतो. पण मग वळवायला जड जाते. तर लावावी की लावू नये? हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारला, पेपरवाल्याला विचारला, आमच्या ह्यांना विचारला. (हे म्हणाले, "विचार करा." ऑफिसातही हे एवढंच म्हणतात आणि त्यावर ह्यांना बढती मिळाली.) शेवटी मलाही विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे मला सहसा कुणी विचारत नाही, मीच सांगत असते. त्यामुळे मी जरा हरखलेच. चहा निवेपर्यंत बोलले. त्याचा सारांश असा, की लावा.

आता आठवलं की वाईट वाटतं. एवढ्या सगळ्यांना विचारून झालं, पण वहिनींना काय वाटतं ते कुणीच विचारलं नाही. मी तर त्यांच्याच हातचा चहा पीत होते.

भाऊंनी पट्टी कापली, गुळगुळीत केली. होडी पालथी घालून बुडावरची जागा घासून ठेवली आणि पट्टी तिथे चिकटपट्टीनं नुसती उभी केली. पुढे काही नाही. रोज सकाळी यायचे, पट्टीकडे बघायचे, मान खाजवायचे आणि कवळीला लागायचे. एकदा तर त्यांनी पट्टीवर पेन्सिलनं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. इकडे माझी भांडी घासून घासून झिजायला लागली.

आणि मग ती दोघं खांदा दाखवायला मोठ्या हॉस्पिटलात गेली, दिवसभरासाठी. मांजराला दूध घालायला किल्ली माझ्याकडे. आमचे हे ऑफिसला निघताना म्हणाले, "किल्ली मांजरापुरती आहे हं." मी मांजराला दूध घातलं. मग पट्टीवरचं प्रश्नचिन्ह ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. माझ्या मते प्रश्न सुटला होता.

सरसाचा डबा उघडला तर आत सरस वाळून दगड झालेला. पण बाजूलाच गुलाबी पुडीची बरणी आणि त्या उग्र पाण्याची बाटली होती, आणि ते कालवणं मी खिडकीतून इतक्यांदा पाहिलं होतं की प्रमाण पाठ होतं. भरपूर कालवलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी बोटानं छान थापलं. बघता बघता ते गरम झालं आणि घट्ट बसलं. लांबून पाहिलं तर होडीच्या बुडाला हिरडी फुटून तिच्यात एक मोठा सुळा उगवला होता.

संध्याकाळी भाऊंनी पट्टी धरून हलवली. अख्खी होडी हलली.

"हे कुणी केलं?"

"सरप्राइज," मी म्हटलं.

भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "ताई, लोक जन्मभर चावतात, तरी ही सुटत नाही."

आता बसलीच आहे तर बघू, म्हणून पुढच्या रविवारी होडी पाण्यात घातली. ती सुटली ती नाकासमोर. वहिनी वळवायला बघत होत्या, पण होडी ऐकेना. भाऊ स्टुलावरून उठले. वहिनी लहान लहान होत गेल्या. भाऊ हाका मारत, छत्री उघडी तशीच धरून, बुटांसकट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले. मी मागून त्यांचा शर्ट धरला नसता तर पोहता न येणारा तो माणूस छत्रीसकट पलीकडे निघाला होता.

होडी पलीकडच्या काठाच्या गवतात जाऊन रुतली. दूधवाल्याच्या टेम्पोतून आम्ही वळसा घालून गेलो आणि दोघींना घेऊन आलो, वहिनींना आणि होडीला. वहिनी खांदा चोळत होत्या.

"पलीकडे मला कुठे जायचं होतं, ताई?" त्या म्हणाल्या. "गोल फिरले की दर फेरीला हे दिसायचे. छत्री आवळून, जीव मुठीत धरून बसलेले. बघून मला हसू यायचं. हल्ली तेवढंच हसू यायचं मला."

मी वल्हं खांद्यावर घेतलं आणि कुणालाही सल्ला न देता घरापर्यंत नेलं. (हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच घडलं.)

दुसऱ्या दिवशी मांजराचं निमित्त काढून शेडमध्ये गेले आणि पट्टीखाली मोठा स्क्रूड्रायव्हर घालून सगळा भार टाकला. स्क्रूड्रायव्हर सटकला आणि त्याची मूठ माझ्या तोंडावर आली. होडीच्या हिरडीतली पट्टी केसभर हलली नाही. माझ्या हिरडीतला दात मात्र पडला. पुढचाच.

पुढे भाऊंनी कवळी घासायच्या बारीक मशीननं ती पट्टी रोज थोडी थोडी झिजवून काढली. पट्टीबरोबर बुडाचं लाकूडही झिजलं. मग ते भरा, वाळवा, पुन्हा भरा. तोवर थंडी पडली, तळ्यावर जाणं बंद झालं. वहिनी म्हणाल्या, पुढच्या वर्षी. खांद्याचं विचारलं तर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात. होडी शेडमध्ये उलटी टांगलेली आहे, बुडाला गुलाबी डाग. भांडी घासताना तोच समोर येतो, म्हणून मी खिडकीला पडदा लावला. (पातळ आहे.)

परवा भाऊंनी मला दात करून दिला. बसवताना म्हणाले, "हा काढता-घालता येतो, ताई. आणि बसवू का, हे मी तुम्हाला आधी विचारलंय." मी मान खाली घातली.

दात दिसायला झकास आहे. फक्त बोलताना त्यातून बारीक शिट्टी वाजते. काल मी शेडच्या दारात उभी राहून म्हटलं, भाऊ, एवढी शिट्टी तेवढी बंद करून द्या.

भाऊंनी मशीन उचललं. आतून वहिनींचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्या हसत होत्या.

"राहू द्या हो ती. ताई येताहेत हे निदान आधी कळतं."