अक्काच्या बाजूची काच

आमच्या रावेरात केळीच्या घडाला पिशवी घालतात. धुळीपासून, किड्यापासून घड जपायचा म्हणून. पण आमच्या शेजारच्या सुपडूनानांनी ती गाडीला घातली होती. आणि गाडी तरी कसली? काळी, उंच, परदेशी बनावटीची, बसल्याबसल्या पाठीला गार वारा देणारी. तिच्या पुढच्या डाव्या दाराला काच नव्हती. तिथे चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून घडाची पांढरी पिशवी ताणून बसवली होती. गाडीने वेग घेतला की पिशवी फुगायची आणि असा फडफडाट करायची की रस्त्यातली कुत्री मागे लागायची. नाना मात्र एसी लावून, मान ताठ ठेवून गाडी हाकत असायचे. हे असं वर्षभर चाललं.

नाना केळीचे बागायतदार. वय सत्तरीच्या पुढे, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज विहिरीवरची मोटार चालू नसतानाही तिच्या वरताण बोलल्यासारखा. त्यांना दोन वेडं. एक काचेचं आणि दुसरं अक्काचं.

काचेचं वेड सगळ्या गल्लीने पाहिलेलं. सकाळी नवा पेपर आला की नाना कालचा पेपर पाण्यात बुडवायचे आणि गाडीच्या सगळ्या काचा पुसायला लागायचे. आतून, बाहेरून, मग मान वाकडी करून उन्हात धरल्यासारखं बघायचं, मग पुन्हा. "काच दिसली म्हंजे ती मळकी," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "आरपार पाह्यजे." हा 'आरपार' त्यांच्याकडे सगळ्यालाच लागायचा. चहा चांगला झाला तर आरपार. जावई सरळ निघाला तर माणूस आरपार. एकदा मी मुलगा पास झाल्याचे पेढे द्यायला गेलो. नाना गाडीत बसलेले होते, म्हणून खिडकीतून हात आत घातला, तर पेढा काचेवर चपटा झाला. काच वर आहे हे मला कळलंच नव्हतं. नानांनी आधी काच पुसली, मग मुलाचं अभिनंदन केलं.

दुसरं वेड म्हणजे त्यांची मोठी बहीण, अक्का. दिलेली पार पिंपळनेरला, म्हणजे खान्देशाच्या दुसऱ्या टोकाला. अक्कानंतर झालेली भावंडं जगली नाहीत, म्हणून नाना जन्मले तेव्हा त्यांना सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि अक्काने उचलून आत आणलं. तेव्हा ती स्वतः परकर नेसणारी पोर. सुपात घातला म्हणून सुपडू. पुढे आई लवकर गेली आणि त्या पोरीनेच याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं. मग तिचं लग्न झालं. बैलगाडी गावाबाहेर गेली तरी नाना मागे पळत होते, असं जुनी माणसं सांगत.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं. ते काम तरुण भावाचं किंवा भाच्याचं. नाना सत्तरी उलटली तरी अक्काला आणायला स्वतः जायचे. त्यांनी आयुष्यात जेवढ्या गाड्या घेतल्या त्या सगळ्या अक्काच्या मापाने घेतल्या. ही काळी गाडी घ्यायला गेले तेव्हा मी सोबत होतो. शोरूममधला मुलगा इंजिनाबद्दल काहीबाही सांगत होता. नानांनी त्याला गाडीत बसवलं, म्हातारीसारखा कण्हत उतर म्हणाले, आणि उतरताना त्याचा हात कुठे जातो ते बघत बसले. घरी आल्यावर नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला कधी विचारलं नाही, गादी टोचते का म्हणून." नानांना ते ऐकू आलं नाही. त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

तर गेल्या वर्षीच्या आखाजीला नाना त्या नव्या गाडीतून अक्काला आणायला गेले. मी शाळामास्तर, मला सुट्टी होती, म्हणून मागच्या सीटवर मीही होतो. अक्का पुढे, नानांच्या शेजारी. मांडीवर पदराखाली एक नारळ. साक्री गेलं, धुळं गेलं, जळगाव गेलं, भुसावळ आलं आणि पुढे तापीचा पूल. अक्काचं माहेर तापी ओलांडल्यावर सुरू होतं. ती दरवर्षी पुलावरून तापीमायला नारळ वाहायची. बैलगाडीतून वाहिला, एसटीतून वाहिला, जीपमधून वाहिला. त्या सगळ्या वाहनांत एक गोष्ट सारखी होती, ती म्हणजे खिडकी उघडी असायची.

पुलाच्या मध्यावर अक्काने डोळे मिटून नारळ कपाळाला लावला, "माय वं" म्हटलं आणि जन्मभर निंदणी-खुरपणी केलेल्या हाताने खिडकीबाहेर जोरात फेकला.

काच नानांनी सकाळीच पुसली होती.

आवाज झाला तो मी विसरणार नाही. क्षणभर काही कळलं नाही. मग पाहिलं, तर दारातली अख्खी काच खडीसाखरेसारखी अक्काच्या ओटीत. नारळ तापीत पडला की पुलावर, ते कोणी पाहिलं नाही. नानांनी गाडी थांबवली आणि पहिल्यांदा अक्काचे हात उलटेपालटे करून बघितले. लागलं काहीच नव्हतं. नाना हसायला लागले, मीही हसलो. अक्का हसली नाही. ओटीतले खडे तिने एकेक करून पदरात गोळा केले, जसं काही ते परत जोडता येणार होते.

त्या आखाजीला ती झोक्यावर बसली नाही. आमरसाची वाटी तशीच ठेवली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, नाना मळ्यात गेलेले असताना, पिशवी घेऊन एसटीने निघून गेली. काकूंना फक्त एवढं म्हणाली, "त्याले सांग, तुन्ही गाडीमा मी आते बसाव नही."

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी दाराला केळीची पिशवी लावताना दिसले. मला वाटलं, काच येईपर्यंतची सोय असेल. पण काच काही येईना. पावसाळा आला, पिशवी बदलली. थंडी आली, पिशवी बदलली. गावाने आपापली कारणं काढली. कोणी म्हणे कंजूष झाला, कोणी म्हणे ज्योतिषाने सांगितलंय, कोणी म्हणे या गाडीची काच हिंदुस्थानात मिळतच नाही. मी एकदा सरळ विचारलं. नानांनी आधी इकडचं तिकडचं केलं. मग म्हणाले, "बदलली म्हंजे तुटली होती असं झालं ना?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात मी 'ढ' पोराला समजावतो तसं. अक्काला वाटतं तिने भावाचं नुकसान केलं. आता काच बदलायला नेली, की नुकसान झालं होतं हे आपण कबूल केल्यासारखं होणार. त्यापेक्षा तशीच गाडी घेऊन सगळीकडे हिंडायचं. लग्नाला, दहाव्याला, बाजाराला. कोणीतरी पिंपळनेरला जाऊन सांगेलच, की तुमच्या भावाला त्या काचेचं काहीच वाटत नाही, खुशाल हिंडतो. मग अक्काच्या मनातलं जाईल आणि ती येईल.

जी काच दिसू नये म्हणून हा माणूस रोज घाम गाळायचा, ती आता नसलेली सगळ्यांना दिसावी म्हणून हिंडत होता.

आखाजी महिन्यावर आली तेव्हा मला फोन आला. पिंपळनेरहून, अक्काचा. नानांचा फोन ती उचलत नव्हती. आधी माझ्या पोरांची विचारपूस झाली, मग पाऊसपाणी. मग म्हणाली, इकडे रावेरकडचा जो येतो तो सांगतो, तुझ्या भावाची गाडी अजून प्लास्टिक लावून फिरते. साक्रीच्या लग्नातही म्हणे तशीच आणली होती, चार माणसांत. "मन्ही लाज त्यानी गाडीले टांगी ठेयेल शे," माझी लाज त्याने गाडीला टांगून ठेवलीय, असं ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तसाच चप्पल घालून नानांकडे गेलो आणि सांगितलं. नाना पेपर भिजवत बसले होते. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला कागद पाण्यात विरघळून गेला. काकूंनी चहा आणून ठेवला, तोही तसाच राहिला. शेवटी म्हणाले, "वर्षभर मीच तिले छळलं." हे त्यांनी मला सांगितलं नाही, बादलीला सांगितलं.

काच मग दोन फोनांत सापडली. नाशिकहून जळगावच्या गॅरेजात आली. नाना सकाळपासून तिथे स्टूल टाकून बसले. मिस्त्रीने दाराचं आतलं आवरण उतरवलं, पोटात सांडलेले जुने खडे मशिनने ओढून घेतले, नवी काच रबरात बसवली आणि बटण दाबून वर-खाली करून दाखवली. झकास बसली होती. मिस्त्रीने ती फडक्याने लखलखीत पुसून दिली. नाना म्हणाले, "इतकी नको रे. दिसंन अशी कर." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

घरी आल्यावर नानांनी बाकीच्या काचा रोजच्यासारख्या पुसल्या. त्या एका काचेला हात लावला नाही. आखाजीपर्यंत तिच्यावर धूळ बसू दिली. बसली ती कमी वाटली म्हणून मळ्याच्या रस्त्यावरून मुद्दाम गाडी दामटली. शेजारचं कोणी बोट ओढून त्यावर नाव लिहायला लागलं तर वसकन अंगावर जायचे. काकू म्हणाल्या, आता मात्र डॉक्टरला दाखवायला हवं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही पिंपळनेरला पोचलो. अक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती. वर्षात फारच वाळली होती. नाना उतरले, पाया पडले आणि त्यांनी डाव्या दाराकडे बोट दाखवलं. अक्का त्या मळक्या काचेकडे बघत राहिली. मग वर्षानंतर पहिल्यांदा हसली. "आते कशी दिखस," म्हणाली.

तिची पिशवी भरलेलीच होती. ती यायला तयार होती. सुनेने एका बाजूने धरलं, नानांनी दुसऱ्या. गाडीपर्यंत आली. दार उघडलं. नानांनी खाली पाट ठेवला. अक्काने पाय उचलला, तो पाटापर्यंतही गेला नाही. पुन्हा उचलला. मी मागून आधार दिला. सून म्हणाली, दिवाळीपासून गुडघे असेच झाले आहेत, तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. अक्काने तिसऱ्यांदा प्रयत्न केला, मग दाराला धरून उभी राहिली, घामाघूम. "राहू दे, भाऊ. पाय चढत नही."

उचलून बसवू, असं नाना म्हणाले. तिने मान हलवली. एवढ्या लांबच्या रस्त्याला तिच्याने बसवणारच नव्हतं. गेल्या वर्षी हेच पाय चढले होते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मला नानांच्या तोंडाकडे बघवेना.

अक्काला पुन्हा खुर्चीत बसवलं. नाना गाडीत गेले आणि मला वाटलं, झालं, आता निघणार. पण त्यांनी गाडी हळूहळू ओट्याला लावली, अगदी खेटून, डावी बाजू अक्काकडे. काच खाली केली. मग सरकून तिच्या जागेवर, डाव्या सीटवर येऊन बसले. गाडी उंच आणि ओटाही उंच. अक्काची खुर्ची बरोब्बर खिडकीला लागली.

सुनेने ताट आणलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई. अक्काने ताट मांडीवर घेतलं, पोळीचा तुकडा रसात बुडवला आणि खिडकीतून हात आत घातला. "आ कर."

आणि सुपडूनानांनी आ केला. पांढऱ्या मिशांचा, तालुक्यात दरारा असलेला हा माणूस त्या चकचकीत गाडीत बसून बहिणीच्या हातून घास खात होता. रस दारावरून ओघळत होता, सीटवर पडत होता, मिशांतून गळत होता. ते पुसत नव्हते. गल्लीतली पोरं जमली, बायका जमल्या. नानांना कोणी दिसत नव्हतं. अक्का घासागणिक काहीतरी सांगत होती, हळू आवाजात, मला ते ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं. दुपार कलली तरी दोघं तशीच बसलेली.

निघायची वेळ झाली तेव्हा अक्काने खिडकीतूनच त्यांच्या तोंडावरून पदर फिरवला, लेकीची पाठवणी करताना फिरवतात तसा. नाना जागचे हलले नाहीत. स्टिअरिंगला कधी कोणाला हात लावू न देणारा माणूस मला म्हणाला, "तू चालव." आम्ही निघालो. ओट्यावर अक्का हात हलवत होती. गाडी वळणावर गेली आणि ओटा दिसेनासा झाला.

वैशाखाचं ऊन होतं. झळा आत येत होत्या, एसीचा काही उपयोग होत नव्हता. साक्री मागे पडलं. धुळं आलं, तेही मागे पडलं. नाना खिडकीवर कोपर ठेवून बाहेर, मागच्या बाजूला बघत बसले होते. मी म्हटलं, नाना, काच वर करू का? फार तापलंय.

"नको," नाना म्हणाले. "ती अजून हात हालवत असंन."