आक्कासाहेबांनी चाकांचे राज्य मोडून दिले त्याची हकीकत

श्री कुलस्वामिनी साक्ष. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरे, माघ मासी मिरजेनजीक माळावर चाकांचे राज्य मोडिले, ते समयी जे घडले ते लिहितों, उणेअधिक असल्यास ऐकणारांनी पोटांत घालावे. राज्य ऐसे की त्यास सीमा नव्हती, खुंट्या मात्र होत्या, आणि जेथे खुंट्या ठोकाव्या तेथे राजधानी. हत्ती होते, सिंह होते, झुल्यावरच्या पोरी होत्या, आणि या सगळ्या सर्कशीचे तख्त म्हणजे एक निळी पत्र्याची राहती गाडी, ट्रकामागे जोडोन न्यावयाची. तीत आक्कासाहेब नांदत. कैलासवासी दाजीसाहेब खेळाचे मालक आणि दाजीसाहेबांच्या मालक आक्कासाहेब, हे जनावरांसही ठाऊक होते. शिक्षण दुसरीपर्यंत, परंतु तोंडाची धार ऐसी की रिंगमास्तर चाबूक खाली ठेवून वाट देई.

राज्यांत एक चाल होती. मुक्काम पडला म्हणजे गाडीचे चाकास एक काळा दगड लावावा, आणि कूच करतेसमयी तो आक्कासाहेबांखेरीज कोणी उचलू नये. कारण की एकदा बार्शीहून कूच जाहले आणि विदूषक लिंबाखाली निजलेला मागेच राहिला, तो रंगल्या तोंडानिशी पायी चालत पुढील मुक्कामास आला, आणि वाटेने पोरे त्यास पाहून हसत होती व तो रडत होता. तेव्हांपासोन हुकूम, की माणसे मोजून झाल्याविना दगड हलणार नाही. मग काळ फिरला, जनावरे सरकारांत जमा जाहली, तंबू कुजला, दाजीसाहेब निवर्तले, माणसे पांगली, आणि आक्कासाहेब एकट्या त्या गाडीत माळावर राहिल्या. चिरंजीव विलासराव दोन गावांचे दरम्यान याच गाडीत चालत्या चाकांवर जन्मले होते, आणि जन्मगाव कोणते लिहावे म्हणोन शाळेचे मास्तर त्यांस पाहून डोके धरीत. हे चिरंजीव आतां शहरांत दोन खोल्या बांधोन होते. ऐसियास माळाचे प्लॉट पडले, जागा खाली करणे आले, आणि विलासरावांनी भंगारवाले गणपतशेठ यांस शब्द दिला की गाडी वजनावर न्यावी. हे कानी येताच आक्कासाहेब बोलिल्या, "ज्या गाडीत जन्मलास ती काट्यावर चढवणार तू? आधी मला चढव. माझं वजन जास्त भरंल."

मग आक्कासाहेबांनी आपले हाते वाटणी आरंभिली, आणि अट घातली की ज्याचे पायाला भिंगरी त्यासच वस्तू मिळेल. आरसा बाजारोबाजार बांगड्या भरणाऱ्या कासारणीस दिला. झुल्यावरच्या पोरी त्या आरशासमोर दाटीने वेण्या घालीत, आणि एकीची पिन दुसरीचे केसांत जाई. खिडकी जत्रेत भेळ विकणाऱ्यास दिली, परंतु ती निघाली तेव्हां आक्कासाहेब त्या भगदाडापुढे उगाच उभ्या राहिल्या. लक्ष्मी हत्तीण रोज सकाळी तेथून सोंड आत घाली, आणि पहिली भाकरी तिची, दुसरी दाजीसाहेबांची, ऐसा क्रम होता.

अखेर सांगाडा आणि चाके उरली. आक्कासाहेब पाण्यास गेल्या ऐसे पाहोन गणपतशेठ ट्रॅक्टर घेऊन आले आणि साखळी लावोन ओढू लागले. गाडी हलेना. ट्रॅक्टर भुंकू लागला, धूर जाहला, आणि साखळी तुटोन शेठजींचे टोपीवरून गेली. इतक्यात आक्कासाहेब घागर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय शेठ, हत्तीण गेली म्हणून तुम्ही जुंपून घेतलंत व्हय?" दगड गवतात रुतला होता, तो कोणास दिसला नाही, आणि शहरांतून आलेले विलासराव जवळच उभे होते, त्यांस दिसत होता तरी ते बोलिले नाहीत.

शेठ नवी साखळी आणावयास गेले, आणि त्याच वेळी दऱ्याप्पा खिलारे म्हणोन मधमाश्या पाळणारा आला. त्यास पेट्या ठेवावयास चाकांचा सांगाडा पाहिजे होता. आक्कासाहेबांनी विचारिले, "एका जागी किती राहतोस रे?"

"फूल असंल तवर, आक्का. सध्या कांद्याच्या फुललेल्या डेंगळ्यांवर, मग सूर्यफुलावर."

"आणि निघताना? एखादी मागं राहिली तर?"

"दिवस मावळून सगळ्या आत आल्याबिगर पेटी हलवीतच न्हाई."

आक्कासाहेबांनी गवतातल्या दगडाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "विलास, गाडी ह्याला."

"आई, मी शेठला शब्द दिलाय."

"मग शब्द घेऊन जाऊ दे की. चाकं कशाला हवीत त्याला?"

विलासराव हसले, आणि त्यांनी स्वतः सांगाडा दऱ्याप्पाचे जीपमागे जोडिला. आक्कासाहेबांनी गाडीभोवती एक फेरा घातला, मोजावयास कोणी नव्हते तरी बोटे हलत होती, आणि वाकोन दगड उचलिला. गाडी निघाली. दगड पदराखाली धरोन त्या पाहत राहिल्या. पुढे उतारावर दऱ्याप्पा दोर आवळावयास थांबला, आणि चाकास लावावयास कडेचे एक ढेकूळ उचलू लागला. ते पाहोन आक्कासाहेब झपाझप चालत गेल्या, ढेकूळ पायाने उडविले आणि आपला दगड चाकास लाविला. म्हणाल्या, "हा घे. आणि बायकोला उचलायला सांग, तू विसरशील."

येणेप्रमाणे राज्य मोडिले. हल्ली आक्कासाहेब विलासरावांकडे सुखरूप असोन सूनबाईंचे आमटीस नावे ठेवितात. दगड चाकाखाली आहे. राज्य सूर्यफुलांत उतरले आहे, प्रजा अगणित आहे, आणि गादीवर राणीच आहे.