मास्तरांचं तिसरं मरण

डोमिंगो मास्तरांच्या महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, घरी पानं मांडली जात होती, तेवढ्यात अंगणात एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून उतरलेल्या पहिल्या माणसाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. पातेल्याला दोन स्प्रिंगा लावलेल्या होत्या आणि तो चालेल तशा त्या डुलत होत्या. मागून उतरलेल्या बाईंच्या हातात झेंडूचं पुष्पचक्र होतं. त्यावरच्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘मास्तर, बाहेर या.’

मेल्विना वाफवलेल्या सान्नांची परात घेऊन दारातच थबकली.

“ह्ये कोण गो?” जेसिंता आंटीने तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं. जेसिंता आंटी म्हणजे मास्तरांची थोरली बहीण.

“पप्पांचे वाचक असावेत.”

“वाचक? मगे टोप कित्याक घातल्यानी?”

याचं उत्तर लांबचं होतं. डोमिंगो फर्नांडिस कट्टा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ‘आकाशवाडी’ नावाचं विज्ञानकथांचं मासिक काढायचे. बोटीवर नोकरीला असलेला त्यांचा भाऊ दर खेपेला परदेशातल्या हौशी वाचकांची मासिकं घेऊन यायचा. तिकडे म्हणे वाचकच लिहितात, वाचकच छापतात, पत्रांतून एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडतात आणि मग वर्षातून एकदा चित्रविचित्र वेश करून एकत्र जेवतात. मास्तरांना हे सगळं पटलं. त्यांनी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर पहिला अंक काढला. तिकडची एक खोडही त्यांनी उचलली : धडधाकट संपादक वारल्याची बातमी छापायची. पहिल्यांदा मास्तर गुरूच्या चंद्रावर पाय घसरून वारले. दुसऱ्यांदा कालयंत्र जरा जास्त मागे गेल्यामुळे ते जन्मायच्या आधीच वारले. दोन्ही वेळा वाचक शोकसभेला म्हणून जमले आणि मास्तर कुठून तरी कॉफीची किटली घेऊन प्रकट झाले. तेव्हापासून मास्तर वारले की मेळावा, असं समीकरणच होऊन बसलं.

मेल्विनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करताना तिने देशोदेशीचं वाचलं होतं, फक्त वडिलांचं मासिक सोडून. ते गेल्यावर तिने वर्गणीदारांना साधं कार्ड पाठवलं : संपादकांचं निधन झालं आहे, मासिक बंद होत आहे, अमुक रविवारी मिस्सा. दुखवट्याची पत्रं येतील असं तिला वाटलं होतं. आलं ते एकच, आणि त्यात ‘अभिनंदन’ एवढाच शब्द होता. लिहिणाऱ्याचं वय झालं असावं, असं तिने मनाशी ठरवलं. आज एवढा एक दिवस रीतसर पार पडावा, वडील गेले हे सगळ्यांनी गंभीरपणे मानावं, आणि मग दार लावून पुण्याला जावं, इतकीच तिची इच्छा होती.

“मास्तर खंय आसत?” पातेलंवाल्याने विचारलं. हा सत्यवान, तळेऱ्याचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर.

“ते गेले. महिना झाला.”

सत्यवान मनापासून हसला. “बरां करतस गो, बाय. पयल्या टायमाक तुझी आवस होती, तिका हसू आवरूक नाय. तुका जमला.”

“मी खरं सांगतेय.”

“तेच म्हणतंय. अगदी खऱ्यासारख्या.”

इतक्यात पाद्री हात धुऊन पडवीत आले. शिरोड्याहून आलेल्या नर्मदाबाईंनी पुष्पचक्र खाली ठेवलं आणि पाद्रींच्या झग्याची बाही चिमटीत धरून बघितली.

“पाद्रीसुद्धा आणलो मास्तरांनी. कापड बरा आसा. खंय शिवलास?”

“वेंगुर्ल्याला,” पाद्री म्हणाले. ते या गावात नवे होते आणि विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची त्यांना सवय होती.

“ह्या माणसांका भायर काढ,” जेसिंता आंटी करवादली.

“मास्तर भायर इले काय आमी जाताव,” सत्यवान म्हणाला, आणि टेम्पोतले सगळे शोधायला पांगले. कोणी माळ्यावर चढलं, कोणी कोंबड्यांच्या खुराड्यात वाकलं. “पयल्या टायमाक विहिरीमागे होते,” नर्मदाबाई सांगत होत्या, “मगे काजीच्या बागेत. आता तिसरी जागा कायतरी भारी असतली.”

त्यांना आवरायला मेल्विना मागोमाग धावली. विहिरीपाशी पोचल्यावर तिने “इथे कोणी नाही” असं म्हटलं आणि तरी कठड्यापलीकडे वाकून पाहिलं. मग ती काजूच्या बागेकडे गेली. तिकडे कोणीच गेलं नव्हतं, त्यामुळे आवरायलाही कोणी नव्हतं. एकेका झाडामागे ती पाहत गेली, शेवटच्या झाडापर्यंत.

सत्यवान तिला शोधत आला, तो काही पावलांवरच थांबला. नाटक करणारं माणूस आपल्याकडे कोणी बघत नसताना असं शोधत नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याने डोक्यावरचं पातेलं काढलं.

“म्हणजे खरांच?”

तिने होकारार्थी मान हलवली.

त्याने पातेलं काखेत धरलं. “मगे कार्डार तसा कित्याक लिवला? एकव ग्रह नाय, एकव यान नाय. आमका वाटला, मास्तरांचो हात उतरलो.”

“ते मी लिहिलं होतं.”

“ता सांगूक होया होता, बाय.”

जेवणं झाली. जेसिंता आंटीने रागारागाने सगळ्यांना डुकराच्या मटणाचं सोरपोतेल वाढलं, आणि नर्मदाबाई रडायला लागल्यावर अजून वाढलं. पुष्पचक्र थडग्यावर न्यायचं ठरलं, पण ती पट्टी आधी फाडा, असं आंटीचं म्हणणं होतं. पाद्रींनी पट्टी पुन्हा एकदा वाचली.

“असू द्या,” ते म्हणाले. “आपल्या धर्मशिकवणुकीत बसतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच थडग्यातून असं बोलावणार आहेत.”

निघताना सत्यवानने खरी अडचण सांगितली. “जे येवक नाय त्येंका कोण सांगतलो? आमच्यार कोण इश्वास ठेवतलो? गेल्या टायमाक आमीच सगळ्यांका फसवला.”

म्हणून मेल्विनाने रजा वाढवली आणि एक शेवटचा अंक काढला. मास्तर कसे आजारी पडले, शेवटच्या आठवड्यात त्यांनी काय खायला मागितलं, काय मागायचं विसरले, हे सगळं तिने स्वतःच्या नावाने लिहिलं. एकही ग्रह घातला नाही. कोणाला शंकेला जागा राहू नये म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं.

पहिलं पत्र देवगडच्या एका जुन्या वाचकाचं आलं. ‘मास्तर, लेकीच्या नावाआड लपायची युक्ती आवडली. आजारपण वाचताना क्षणभर खरं वाटलं. पण शैली लपत नाही. सांगायची गोष्ट ओठावर आली की वाक्य तिथेच थांबवायची तुमची खोड कशी लपेल?’

खुलासा करायला तिने कागद घेतला. मग पत्र पुन्हा वाचलं, आणि तिने कागद बाजूला ठेवला. ‘आकाशवाडी’त प्रत्येक पत्राखाली संपादकाचं तिरकस उत्तर असायचं. तिने हे पत्र जसंच्या तसं टाइप केलं आणि खाली उत्तराची जागा मोकळी सोडली.

ते छापायचं तर पुढचा अंक काढावा लागणार, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दुसऱ्या पत्राचं निम्मं टाइप झालं होतं.